दाताच्या दवाखान्याचा हिशेब दुकानाच्या वहीत बसत नाही

कापडाच्या, चामड्याच्या किंवा लाकडाच्या धंद्यातील माणसाचा मुलगा वा मुलगी दाताची डॉक्टर होणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. बी.डी.एस.ची चार वर्षे आणि इंटर्नशिपचे एक वर्ष संपते, कौन्सिलमध्ये नाव नोंदले जाते आणि घरात पहिला प्रश्न निघतो तो दवाखाना कोठे काढायचा याचा. जागा बहुधा बापाच्या दुकानावरचा गाळा, पैसा बापाच्या गल्ल्यातला आणि हिशेब लिहायला माणूस बापाचाच मुनीम. जागेत आणि पैशातही काही पेच आहेत, ते पुढे सांगू. पण मोठी गफलत होते ती मुनिमाच्या बाबतीत. मुनीम प्रामाणिक असतो, त्याची तीस वर्षे कीर्द-खतावणी लिहिण्यात गेलेली असतात. मात्र ती सारी वर्षे दुकानाची असतात.

आम्ही कापडवाले. आमचा सारा हिशेब मालावर चालतो. तागे आले, तागे गेले, वर्षाअखेरीस शिल्लक माल मोजला, त्यातून नफा निघाला. दंतवैद्याकडे विकायला माल नसतो. सिमेंट, सुया, हातमोजे, औषधे असतात, पण ती विकायची नसून वापरायची असतात. त्याचा खरा माल म्हणजे खुर्चीवरचा वेळ, आणि तो गोदामात साठत नाही. आज दुपारी चार ते पाच खुर्ची रिकामी राहिली तर तो तास उद्या विकता येत नाही. इतका फरक ज्याच्या ध्यानात आला, त्याला पुढचे सारे समजायला सोपे जाईल.

इंग्लंडमध्ये केवळ दंतवैद्यांचेच हिशेब आणि कायदेशीर कामे पाहणाऱ्या लेखापाल व वकिलांची स्वतंत्र संघटना आहे. तेथे २००६ पासून सरकारी आरोग्यसेवेचा करार कामाच्या एककांवर चालतो. ठरलेली एकके पुरी झाली नाहीत तर आगाऊ मिळालेले पैसे परत द्यावे लागतात. असा करार ज्याने कधी पाहिला नाही, त्या लेखापालाला तेथल्या दंतवैद्याचा ताळेबंद उमजत नाही. आपल्याकडे तो करार नाही, पण आपल्या दवाखान्याचे स्वतःचे पेच आहेत आणि तेही कमी नाहीत.

आठ टक्के की पन्नास टक्के

सर्वांत महागात पडणारी चूक पहिल्याच विवरणपत्रात होते. छोट्या व्यापाऱ्यासाठी प्राप्तिकरात अंदाजी नफ्याची योजना आहे, ती बाजारात सर्वांना ठाऊक आहे. विक्रीच्या आठ टक्के, बँकेतून आलेल्या रकमेवर सहा टक्के नफा दाखवावा आणि वह्यांच्या कटकटीतून सुटावे. १९६१ च्या कायद्यात हे कलम ४४ एडी. मुनीम किंवा विक्रीकराची कामे करणारा सल्लागार दवाखान्यालाही तेच कलम लावून मोकळा होतो. ते चालत नाही. डॉक्टरी हा धंदा नसून व्यवसाय आहे, आणि कायद्याने नाव घेऊन सांगितलेल्या व्यवसायांना ४४ एडी बंद आहे. त्यांच्यासाठी कलम ४४ एडीए असून त्यात जमेच्या निम्मी रक्कम, म्हणजे पन्नास टक्के, उत्पन्न मानले जाते. आमच्याच बाजारातील एका घाऊक व्यापाऱ्याच्या मुलीच्या दवाखान्याचे विवरणपत्र आठ टक्क्यांनी भरले गेले. नोटीस आली तेव्हा बाप म्हणाला, “बेटी, दुकानाचे तर वर्षानुवर्षे असेच भरतो.” दुकानाचे बरोबरच होते.

येथे एक खुलासा करतो. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्याला दिलेली आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत. आम्ही जुने क्रमांक देतो, कारण बाजार त्यांनाच ओळखतो.

४४ एडीएची मर्यादा वर्षाला ५० लाख रुपये जमेची आहे. रोखीने आलेली रक्कम एकूण जमेच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर ही मर्यादा ७५ लाख होते. निम्मे उत्पन्न दाखवले की वह्या ठेवण्याची किंवा ऑडिटची सक्ती नाही, आणि आगाऊ कर चार हप्त्यांऐवजी १५ मार्चपर्यंत एकदाच भरता येतो. ऐकायला सोपे आहे, म्हणून जो तो यातच शिरतो. पण ही योजना एकाला तारते आणि दुसऱ्याला बुडवते. दोन उदाहरणे घेऊन पाहू. आकडे आम्ही समजुतीसाठी धरले आहेत.

एक डॉक्टर तारा बसवण्यात तज्ज्ञ आहे. त्याचा स्वतःचा दवाखाना नाही. चार-पाच दवाखान्यांत ठरलेल्या दिवशी जातो, आपली फी घेतो. वर्षाची जमा २४ लाख. पेट्रोल, हत्यारे, फोन, विमा मिळून खर्च ४ लाख. खरा नफा २० लाख. निम्म्याच्या हिशेबाने उत्पन्न १२ लाख. २०२५-२६ च्या नव्या पद्धतीच्या दरांनी १२ लाखांवर सवलतीमुळे कर शून्य होतो, तर २० लाखांवर उपकरासह २ लाख ८ हजार रुपये होतो. या डॉक्टरसाठी ४४ एडीए म्हणजे कायद्यानेच दिलेली सवलत आहे.

दुसरी डॉक्टर दवाखाना चालवते. जमा ३० लाख, पहिल्यापेक्षा जास्त. पण साहित्य साडेतीन लाख, लॅबची बिले तीन लाख, बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञांना चार लाख, भाडे दोन लाख चाळीस हजार, पगार तीन लाख साठ हजार, कर्जावरचे व्याज दीड लाख, घसारा दोन लाख, वीज-पाणी-दुरुस्ती दीड लाख. एकूण साडेएकवीस लाख. खरा नफा साडेआठ लाख. नव्या पद्धतीत यावर कर शून्य. पण तिच्या सल्लागाराने वह्यांची कटकट नको म्हणून निम्मे लिहिले तर उत्पन्न १५ लाख होते आणि कर १ लाख ९ हजार २०० रुपये. न मिळालेल्या साडेसहा लाखांवर भरलेला हा कर आहे. निम्म्यापेक्षा कमी दाखवायचे तर वह्या ठेवाव्या लागतात आणि सी.ए.कडून ऑडिट करून घ्यावे लागते हे खरे. पण ऑडिटची फी आणि हा कर दोन्ही समोर मांडून बघावे. ऑडिट म्हटले की आपल्या माणसाला धाप लागते, म्हणून कोणी मांडून बघत नाही.

आणखी एक फरक लक्षात ठेवावा. रोखीचा व्यवहार पाच टक्क्यांच्या आत असला तर व्यापाऱ्याला ऑडिटची मर्यादा १० कोटींपर्यंत वाढवून मिळालेली आहे. डॉक्टरला ही वाढ नाही. त्याची ऑडिटची मर्यादा ५० लाख आहे, फक्त ४४ एडीएत निम्मे दाखवणाऱ्याला ७५ लाखांपर्यंत त्यातून सुटका मिळते.

खुर्ची हा खर्च नव्हे, हप्ताही नव्हे

नवीन दवाखान्यात खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे, ऑटोक्लेव्ह, फर्निचर मिळून समजा दहा-बारा लाख लागले. मुनीम ती रक्कम खरेदीत टाकतो किंवा बँकेचा पूर्ण हप्ता खर्चात धरतो. दोन्ही चूक. यंत्रसामग्रीवर दरवर्षी उरलेल्या किमतीच्या १५ टक्के घसारा मिळतो, फर्निचरवर १० टक्के, संगणकावर ४० टक्के. दहा लाखांच्या यंत्रावर पहिल्या वर्षी दीड लाख, दुसऱ्या वर्षी १ लाख २७ हजार ५००. वस्तू त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर पहिल्या वर्षी निम्माच घसारा मिळतो, म्हणून फेब्रुवारीत घाईने खुर्ची घेऊन कर वाचवण्याचा सल्ला अर्धाच खरा असतो. हप्त्यातील व्याज खर्चात जाते, मुद्दल जात नाही. ४४ एडीएमध्ये घसारा वेगळा मिळत नाही, तो दिला गेला असेच मानले जाते, आणि वस्तूची किंमत वहीत उतरत जाते.

काही घरांत खुर्ची दुकानाच्या नावावर घेतात. कारण दुकानाला घसारा मिळेल आणि जीएसटीची वजावटही मिळेल. वस्तू कापडाच्या धंद्यात वापरली जात नसेल तर दुकानाला यातले काहीच मिळत नाही. दुकानदार जीएसटीची वजावट घेण्यास सरावलेला असतो, म्हणून त्याला हे खटकते. दंतवैद्याची सेवा करमुक्त असल्याने त्याने खरेदीवर दिलेला जीएसटी परत येत नाही, तो किमतीतच धरावा लागतो. अंदाजपत्रक करताना खुर्चीची किंमत करासह मांडावी.

बापाने पैसे द्यायचे तर ते आपल्या भांडवल खात्यातून उचल म्हणून काढावेत, दुकानाच्या खर्चातून नव्हे. बापाने मुला-मुलीला दिलेल्या बक्षिसावर घेणाऱ्याला कर नाही. मात्र चेकने द्यावे आणि साध्या कागदावर का होईना, बक्षीसपत्र करून ठेवावे. परत घ्यायचे असतील तर ते कर्ज झाले, आणि २० हजार किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीने घेण्यास मनाई आहे. दंड कर्जाइतकाच होऊ शकतो. घरातलेच पैसे आहेत, लिहायचे काय, असे म्हणून पाच लाख पिशवीतून देणारे वडील आम्ही पाहिले आहेत.

गाळ्याचेही तसेच. बाप दुकानासाठी जीएसटीत नोंदलेला असेल आणि स्वतःच्या नावावरचा व्यापारी गाळा दवाखान्याला भाड्याने देत असेल, तर त्या भाड्यावर १८ टक्के कर लागतो. डॉक्टरला तो वजा मिळत नाही. ज्याच्या नावावर जागा आहे आणि ज्याची नोंदणी आहे, ते दोघे एकच आहेत का, हे करारनामा करण्याआधी पाहावे.

जीएसटी नाही, पण कधी आहे

२८ जून २०१७ च्या अधिसूचनेने रोगनिदान व उपचाराची सेवा जीएसटीतून मुक्त आहे. रूट कॅनॉल, दात काढणे, कवळी, तारा ही उपचाराची कामे. त्याच अधिसूचनेत सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया सवलतीतून वगळली आहे. जन्मजात व्यंग, वाढीतील दोष, अपघात किंवा इजा यांमुळे बिघडलेला आकार वा कार्य पूर्ववत करायचे असेल तर मात्र सवलत राहते. निव्वळ शोभेसाठी दात पांढरे करणे किंवा चांगल्या दातावर पातळ थर चढवणे हे कोणत्या बाजूला पडते यावर वाद होतो, म्हणून अशा कामाचे बिल वेगळे करावे आणि का केले ते केसपेपरवर लिहावे.

खरी अडचण नोंदणीची आहे. ज्याची सारी जमा करमुक्त आहे त्याला नोंदणी नको. पण करपात्र रक्कम थोडी जरी आली, तरी २० लाखांची मर्यादा मोजताना करमुक्त जमाही धरली जाते. समजा उपचाराची जमा २८ लाख आहे आणि काउंटरवर ब्रश-पेस्टची विक्री ४० हजारांची. एकूण २८ लाख ४० हजार झाले आणि नोंदणीचा प्रश्न उभा राहिला. कर फक्त ४० हजारांवर, पण विवरणपत्रे वर्षभर. इतक्याशा विक्रीसाठी ते परवडते का, हे डॉक्टरने स्वतः ठरवावे. आमचे मत असे की ब्रश शेजारच्या मेडिकलवाल्याला विकू द्यावेत.

रोजची नोंद

डॉक्टरांसाठी प्राप्तिकराच्या जुन्या नियमांत एक स्वतंत्र नोंदवही सांगितली होती, फॉर्म ३ सी. त्यात तारीख, रुग्णाचे नाव, काय काम केले, फी किती आणि कधी मिळाली, एवढेच रकाने. शिवाय रोजमेळ, खातेवही, बिलांच्या प्रती आणि वर्षाच्या पहिल्या व शेवटच्या दिवशी औषध-साहित्याचा साठा. ४४ एडीएत असणाऱ्यानेही ही वही ठेवावी असे आम्ही सांगतो. पुढे बँकेकडे दुसऱ्या खुर्चीसाठी कर्ज मागताना हीच वही उपयोगी पडते.

रोखीबाबत दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत. एका माणसाला एका दिवसात १० हजारांवर रोख दिली तर तो खर्च मान्य होत नाही, लॅबचे महिन्याचे बिल यातच येते. आणि २ लाख किंवा अधिक रोख घेण्यास १ एप्रिल २०१७ पासून बंदी आहे. ही बंदी फक्त एका दिवसापुरती नाही, एका कामापुरतीही आहे. पूर्ण तोंडाचे इम्प्लांट अडीच लाखांना ठरवले आणि रुग्णाने पन्नास-पन्नास हजार पाच वेळा रोख दिले, तरी काम एकच. दंड घेतलेल्या रकमेइतका. कापडाच्या बाजारात हा नियम माहीत असूनही दवाखान्यात विसरला जातो, कारण हप्ते लहान असतात.

तारांचे पैसे हा आणखी एक खास विषय. उपचार दीड-दोन वर्षे चालतो, आणि बरेच रुग्ण अर्धी रक्कम आधी देतात. जो डॉक्टर मिळाले तेव्हा जमा या पद्धतीने हिशेब ठेवतो, त्याची ती रक्कम त्याच वर्षाचे उत्पन्न होते. करासाठी ठीक आहे. पण घरखर्चासाठी ती सारी कमाई समजू नये. पुढचे वीस महिने खुर्चीवरचा वेळ आणि साहित्य तिच्यातूनच द्यायचे आहे. आपल्या धंद्यात लग्नसराईच्या ऑर्डरीचा बयाना घेऊन जो घर बांधतो त्याचे काय होते, हे सांगायला नको.

एका तासाची किंमत

चांगला लेखापाल डॉक्टरला कराआधी हे विचारतो की खुर्चीचा एक तास तुम्हाला कितीला पडतो. भाडे २० हजार, दोन मदतनीस २४ हजार, वीज-पाणी ६ हजार, बँकेचा हप्ता २२ हजार, दुरुस्ती, कचरा उचल व इतर ८ हजार. महिन्याला ८० हजार. दवाखाना २५ दिवस सहा तास उघडा, म्हणजे १५० तास. पण नव्या दवाखान्यात खुर्ची त्यातला निम्मा वेळच भरलेली असते. ७५ तास धरले तर एक तास सुमारे १,०६७ रुपयांना पडतो. रूट कॅनॉलला पाऊण तासाच्या तीन बैठका लागल्या तर सव्वादोन तास, म्हणजे २,४०० रुपये. यात साहित्य नाही आणि डॉक्टरची स्वतःची मजुरीही नाही. शेजारचा दोन हजारांत करतो म्हणून आपणही दोन हजार, असे म्हणणारा डॉक्टर दिवसभर राबून तोट्यात असतो, आणि गल्ल्यात नोटा दिसतात म्हणून त्याला ते कळत नाही. (हा हप्ता येथे पूर्ण धरला, कारण हा खिशाचा हिशेब आहे, कराचा नव्हे. दोन्ही वेगळे ठेवावेत.)

पुष्कळ तरुण डॉक्टर आधी मोठ्या साखळी दवाखान्यांत काम करतात. तेथे त्यांना बहुधा पगार नव्हे, व्यावसायिक फी म्हणून पैसे मिळतात आणि १० टक्के कर आधीच कापला जातो. कापला म्हणजे सुटलो, असे ते समजतात. विवरणपत्र भरले तर कित्येकांना त्यातला बराच भाग परत मिळेल, कारण त्यांनाही ४४ एडीए लागू आहे. महाराष्ट्रात वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर वेगळा, तो राहून जातो आणि नंतर व्याजासह भरावा लागतो.

रुग्ण पाठवणाऱ्याला कट देण्याची रीत कोठे कोठे आहे. आचारसंहितेने ती निषिद्ध आहे, त्यामुळे प्राप्तिकरातही तो खर्च मिळत नाही. लेखापालाने तो जाहिरातीत दडवून दिला तर लेखापाल बदलावा. विमा मात्र घ्यावा. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन केलेला उपचार ग्राहक कायद्याखाली आणला, तेव्हापासून दाव्याची शक्यता धरूनच चालावे लागते. विम्याचा हप्ता पूर्ण खर्चात जातो. एक्स-रे यंत्राची अणुऊर्जा नियामक मंडळाकडील नोंद आणि जैववैद्यकीय कचऱ्याची प्रदूषण मंडळाची परवानगी यांचा खर्चही त्याच वहीत लिहावा.

जकातीबद्दल वाचक विचारतात म्हणून थोडक्यात. दुकानातील विक्रीचा माल हिशेबात धरतात, कारागिराची हत्यारे धरत नाहीत. खुर्ची आणि यंत्रे हत्यारांतच मोडतात. रोख आणि बँकेतील शिल्लक धरावी लागते. रुग्णांकडील बाकीबद्दल आपल्या आलिमांना विचारावे.

लेखापाल निवडताना त्याने किती दुकाने सांभाळली हे विचारू नये. त्याच्याकडे दवाखाने किती आहेत ते विचारावे. लॅबचे बिल, बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञाची फी आणि तारांचा बयाना तो कोणत्या खात्यात टाकतो, हे त्याच्याच तोंडून ऐकावे. ४४ एडीए आणि खरा हिशेब, दोन्ही मांडून दाखवायला सांगावे, तेही मार्चमध्ये नव्हे, डिसेंबरात. व्याज वाचवायचे तर चार हप्त्यांच्या आगाऊ कराचा तिसरा हप्ता १५ डिसेंबरला असतो, त्याआधी.